सरगूरहून आलेली हेरल्ड

सयाजीराव लाड आमचे घरमालक. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला आलो, तेव्हा किल्ली हातात देताना त्यांनी विचारलं, "तुम्ही नाशिककडचे. आमची मराठी कळते काय तुम्हाला?"

"कळते की काका."

"बरं झालं. आम्हालाच कळत नाही कधी कधी," असं म्हणून ते आत निघून गेले. विनोद होता की तक्रार, ते मला कळलं नाही. पुढे त्यांच्या बाबतीत ही सवयच झाली.

लाडांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. मराठी घरात टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलं की वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपायचं. काका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत. कुठल्याही गोष्टीत चार जणांचं मत घ्यायचं आणि चौघांनाही हो म्हणायचं, हा त्यांचा स्वभाव. मागच्या अंगणातलं फणसाचं झाड तोडायचं की ठेवायचं यावर त्यांनी मलाही विचारलं होतं. ते झाड आजही एका बाजूनं छाटलेलं आणि दुसऱ्या बाजूनं भरगच्च असं उभं आहे.

एका सकाळी ते जिना चढून वर आले. "निशांत, अक्काचा फोन आला होता सरगूरहून. बाबांची गाडी घेऊन जा म्हणते. नाहीतर भंगारात घालते म्हणते. काय करू?"

वनजाक्का ही काकांची थोरली बहीण. लग्न होऊन सरगूरमध्येच, म्हणजे त्यांच्या मूळ गावीच राहिली, आता विधवा, शेती स्वतः बघते. त्यांचे वडील श्रीनिवासराव तिकडच्या एका व्यापाऱ्यासाठी तंबाखूची खरेदी करायचे. गावोगाव हिंडायचं, शेतकऱ्यांनी भट्टीत सुकवलेली पानं बघायची, त्यांची प्रत ठरवायची आणि माल उचलायचा, असं काम. त्यासाठी त्यांनी गाडी घेतली होती. पुढे डोळे गेले, काम सुटलं आणि गाडी पानं सुकवायच्या जुन्या भट्टीघरात जाऊन बसली. ती भट्टी आता पडायला झाली होती.

"कुठली गाडी, काका?"

"स्टँडर्ड हेरल्ड. चार दारांची."

मी उडालोच. जुन्या गाड्यांचं मला वेड, पण ज्ञान सगळं व्हिडिओ बघून आलेलं. हात कधी काळे झाले नव्हते. "आणा," मी म्हणालो. "आपण दुरुस्त करू. इथंच, घरी."

"हौदा? खरंच?" काका म्हणाले. मग खाली जाऊन त्यांनी रुक्मिणीकाकूंना विचारलं असणार, कारण काकूंचा आवाज वर ऐकू आला, "सुम्ने, उगाच कशाला ते लचांड!" त्यावर काकांचं उत्तरही ऐकू आलं, "तेच म्हणतोय मी."

दुसऱ्या आठवड्यात टेम्पोवर चढून गाडी आली.

रंग म्हणावा असा काही राहिला नव्हता. चिखलाचा एक थर, त्यावर धूर, त्यावर उंदरांनी केलेला उद्योग. चारी टायर बसलेले. आत शिरल्यावर सुकलेल्या तंबाखूचा वास असा आला की काकू पदर नाकाला लावून मागे सरल्या. काका मात्र दार धरून उभेच राहिले. त्यांना वडिलांची आठवण येत असेल असं मला वाटलं. मग म्हणाले, "मी हिच्यात फारसा बसलोच नाही रे. मी इथं म्हैसुरात, अग्रहारात आत्याकडे शिकायला. बाबा भेटायला यायचे ते बसनं. गाडी असून बसनं का येतात, मी विचारायचो. पेट्रोल महाग म्हणायचे."

घराच्या बाजूला, कंपाउंडलगत पत्रे घालून आम्ही जागा केली. माझा पहिल्यापासून एक आग्रह होता. गाडी कारखान्यातून निघाली तशी व्हायला हवी. तोच रंग, तेच आरसे, बसेल तिथे तोच स्क्रू. काकूंचं म्हणणं उलट. "एवढं करणार तर बसता तरी आलं पाहिजे. डायनॅमो, फियनॅमो काय ते ठेवू नका. नवीन घाला. सीटला पट्टे घाला. पाऊस आत येऊ नये." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ओरिजिनलच." काकूंकडे बघून म्हणाले, "सगळं नवीन घालू." आणि दोन्ही वेळा ते मनापासून बोलत होते.

कामाला लागलो. हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, दोन्ही मडगार्डांसकट. हे मला माहीत होतं, पण खटके कुठे आहेत ते माहीत नव्हतं. तासभर आम्ही ते चुकीच्या बाजूनं उचलत होतो. उघडलं तेव्हा आत घूस मेलेली निघाली. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकांतून आम्ही डिझेल आणि तेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी काका चहा घेऊन तिथे जाऊन उभे राहायचे. काही होत नव्हतं. ते नुसतं बघायचे.

सुटे भाग कुठे ठेवायचे हा मोठा प्रश्न झाला. काकूंचं जुनं इडलीपात्र मिळालं. एकेका खळग्यात एकेका जागचे नट. कार्ब्युरेटरचे वरच्या थाळीत, दाराचे मधल्या थाळीत. दोन दिवस छान चाललं. मग कामवालीनं इडलीपात्र घासून, पुसून, सगळे नट एका डब्यात भरून ठेवले. काका डब्यात बघत म्हणाले, "आता हे कुणाचं कोण?" आजही त्या गाडीत कुठले नट कुठे आहेत हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पुढची सीट काढायला घेतली तेव्हा खरा घोळ सुरू झाला.

ड्रायव्हरची सीट मूळ जागी नव्हती. ती पुढे, अगदी स्टिअरिंगला चिकटवून पक्की केलेली होती. पत्र्याला नवी भोकं पाडून, जाड बोल्ट मारून. मी काकांना बसवून पाहिलं. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकात अडकले.

"तुमचे वडील बुटके होते का?"

"माझ्याहून चार बोटं उंच."

मग मी आत वाकलो. क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे बांधलेले होते. लोखंडी पट्टीनं आवळून. वापरून वापरून वरून गुळगुळीत झालेले. ज्याचे पाय पोचत नाहीत, त्याच्यासाठी केलेली ती सोय होती. अ‍ॅक्सिलरेटरलाही तसाच एक, छोटा.

सीटच्या सांध्यातून काकूंनी हात घालून कचरा काढला. त्यात केसाची पिन निघाली. आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

 काकूंनी तो तुकडा तळहातावर धरला, नवऱ्याकडे बघितलं आणि तो हळूच सीटवर ठेवला.

त्या दिवसापासून काकांचं चित्त उडालं. त्या काळात सरगूरसारख्या गावात गाडी चालवणारी बाई कोण? आई तर नव्हे, तिला बैलगाडीतही चक्कर यायची. मग कोण? "बाबा आठवडा आठवडा बाहेर असायचे," ते मला म्हणाले. "आई काही बोलायची नाही." थोडं थांबून, "आई कधीच काही बोलायची नाही."  साठी ओलांडलेला माणूस, मेलेल्या बापाबद्दल संशय घेत माझ्यासमोर उभा, हातात पाना.

"बाईच कशावरून?" काकूंनी आतून विचारलं. "बुटका ड्रायव्हर ठेवला असेल."

"आणि पिन?"

"ड्रायव्हरच्या बायकोची."

"बायको ड्रायव्हरच्या सीटवर कशी बसेल?"

"काय की बा," काकू म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं नव्हतं.

मी सुचवलं, वनजाक्कांना विचारा. त्या तर तिथंच होत्या तेव्हा. काकांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. असं काही थेट विचारणं त्यांच्यानं होणार नव्हतं. शेवटी आडून सुरुवात केली. फोन स्पीकरवर होता.

"अक्का, गाडीचा रंग काय होता गं? घासून बघतोय तर खाली करडा लागतो, कुठे हिरवा लागतो. समजेना झालंय."





"मला रंग विचारू नको, सयाजी." आवाज कोरडा. "कुणालाही विचार. मला नको." आणि फोन बंद झाला.

काका खुर्चीत बसले. "हिला माहीत आहे," ते म्हणाले. "हिला सगळं माहीत आहे, आणि सांगवत नाही."

मलाही तेच वाटलं. आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट मनात पक्की केली आणि तिच्याभोवती फिरत राहिलो. गाडीचं काम मात्र थांबलं नाही. थांबवायचं असेल तर तसा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो काकांना जमत नव्हता. फळी कुजावी तसा कुजलेला तळाचा पत्रा वेल्डरनं येऊन बदलला. टाकीतून पेट्रोलऐवजी गुळाच्या काकवीसारखं काहीतरी निघालं. एका दुपारी, टॉप गिअरमध्ये टाकून गाडी मागेपुढे हलवताना, इंजिनच्या आत काहीतरी सुटलं आणि पंखा एक चतुर्थांश फिरला. आम्ही दोघं ओरडलो. काकू धावत आल्या, कुणाला तरी लागलं असं वाटून. काका हसत होते. मग हसता हसता त्यांची नजर त्या पुढे आलेल्या सीटकडे गेली आणि ते हात पुसत आत गेले.

पेडलांवरचे ठोकळे मी काढले. मूळ गाडीत नव्हते, म्हणून. पट्ट्या गंजल्या होत्या, त्या कापाव्या लागल्या. तिन्ही ठोकळे वर्तमानपत्रावर ठेवले.

त्यानंतर काही दिवसांनी वनजाक्का म्हैसूरला आल्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगणी, सावळी बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चालताना एक पाय जपून टाकणारी. काकूंनी जेवायला मलाही खाली बोलावलं होतं. जेवताना गुडघा, पाऊस, हत्ती शेतात शिरण्याचा त्रास, असं सगळं झालं. गाडीचं नाव कुणी काढलं नाही. काका ताटातला भात नुसता इकडचा तिकडे करत होते.

जेवण झाल्यावर अक्का हात पुसत स्वतःच बाजूच्या दारातून बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग. त्या गाडीकडे थेट गेल्याच नाहीत. वर्तमानपत्राजवळ थांबल्या, गुडघा सांभाळत खाली वाकल्या आणि एक ठोकळा उचलला.

"हे काढलंस होय."

काकांनी घसा साफ केला. "कुणाचे ते, अक्का?"

"कुणाचे म्हणजे? माझे."

काकांनी दुसरा ठोकळा हातात घेतला.

"माझे पाय पोचत नव्हते ना रे. सुतारानं करून दिले. वर आईनं गादी शिवून दिली होती, ती कुठे गेली? उंदरांनी खाल्ली असेल."

"तू?" काका म्हणाले. "तू गाडी चालवायचीस?"

"दोन वर्षं. लग्न होईपर्यंत." त्यांनी ठोकळा परत ठेवला. "तुला ठाऊक नाही? एव्हाना कुणीतरी सांगितलं असेल म्हणत होते मी. अख्ख्या सरगूरला ठाऊक आहे."

काकूंनी खुर्ची आणली. अक्का बसल्या आणि त्यांनी सांगितलं. फार काही सोहळा न करता, मधूनच कन्नडमध्ये जात, मधूनच काकूंना "स्वल्प पाणी दे" म्हणत.

श्रीनिवासरावांचे डोळे एकाएकी गेले नव्हते. घरात सांगितलं जायचं तसं तापानं तर नव्हतंच. आधी संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. मग दिवसाही बाजूचं दिसेना, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसायचं. एकदा नुगू धरणाच्या रस्त्यावर त्यांनी गाडी बैलगाडीच्या चाकाला घासली. बैलगाडी दिसलीच नव्हती.  दुसऱ्या दिवशी सोळा वर्षांच्या मुलीला मोकळ्या रानात नेऊन गिअर कसे टाकायचे ते शिकवलं.

"लोक काय म्हणायचे?" मी विचारलं.

"लोक म्हणायचे, श्रीनिवासराव मोठा शौकीन माणूस, पोरीला गाडी शिकवली! बाबा हसायचे. तसंच समजू दे म्हणायचे. गाडीचं काही लपवलं नव्हतं. डोळ्यांचं लपवलं होतं. डोळे नाहीत म्हटलं तर पानं बघायला कोण ठेवील?"

"पण पानं..." काका म्हणाले. "पानं कशी बघायचे मग?"

अक्कांनी अंगठा बोटांवर चोळून दाखवला.

"हातानं. बोटांनी चोळून, वास घेऊन त्यांना खूपसं कळायचं. पण तंबाखूत रंगाला किंमत. लिंबासारखा पिवळा वेगळा, नारंगी वेगळा, तपकिरी वेगळा. तो हातानं कसा कळणार? मी शेजारी उभी राहायचे. बाबा पेंढी उचलायचे आणि मी मराठीतून सांगायचे. 'बाबा, घरी जाताना लिंबं घ्यायची,' 'बाबा, आईनं नारंगी लुगडं मागितलंय.' असं काहीतरी. शेतकऱ्यांना कन्नडशिवाय येत नव्हतं. त्यांना वाटायचं पोर बापाशी बडबडतेय."

कंपाउंडबाहेरून भाजीवाला ओरडत गेला. अक्कांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"भट्टीच्या आत अंधार असतो. नीट दिसायचं नाही. कधी कधी मी अंदाजानं सांगायचे. एकदा एका म्हाताऱ्याचा माल होता. मी तपकिरी म्हटलं. बाबांनी तशी किंमत लावली. तो म्हातारा हात जोडून म्हणाला, साहेब, उजेडात आणून बघा. बाबा कसे आणणार उजेडात? उजेडातही काय दिसणार होतं त्यांना? ते म्हणाले, मी एकदा बोललो ते बोललो. मग पोरं पेंढ्या बाहेर काढून बैलगाडीवर टाकायला लागली, तेव्हा मी पाहिलं." त्यांनी बोलणं तिथंच सोडलं.

"नारंगी होता?" काकूंनी विचारलं.

"काय की गं. आजही वाटतं नारंगी होता. कधी वाटतं तपकिरीच होता. तो म्हातारा पुढे कितीतरी वर्षं मला संतेत भेटायचा, आठवड्याच्या बाजारात. 'चेन्नागिद्दीया मगळे,' बरी आहेस ना मुली, असं प्रेमानं विचारायचा. त्याला कळलं होतं की नव्हतं, ते मला कधी कळलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. आता तोही गेला."

काकांनी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू लहान होतास. मग तू मोठा झालास." अक्कांनी खांदे उडवले. "मध्ये सांगायचं कधी?"

"तुझी शाळा?"

"सोडली. दोन्ही कसं जमणार? मला शाळा आवडत नव्हतीच."

हे त्या खरं बोलत होत्या की भावाची समजूत काढत होत्या, हे मला सांगता येत नाही. काकांनाही कळलं नसावं. ते उठले, फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली चाकाची वाटी पुन्हा पुसू लागले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. अक्कांनी काकूंना हळूच विचारलं, "रडतोय काय गं हा?" काकू म्हणाल्या, "गोत्तिल्ला, माहीत नाही. ते असेच पुसतात."

मला वाटलं होतं, आता सगळं सरळ होईल. कोण बाई, ते कळलं. बापाबद्दलचा संशय गेला. पण काकांचा गोंधळ वाढला. ते रोज काहीतरी नवं घेऊन यायचे. बाबांनी चूक केली का? केली असेल तर कुणाशी, शेतकऱ्यांशी की अक्काशी? आणि मी इथं अग्रहारात आत्याच्या हातचं जेवून शिकत होतो ते कुणाच्या जिवावर? मी म्हणायचो, काका, तुम्ही अकरा-बारा वर्षांचे होता. ते म्हणायचे, "तेही खरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गाडीबद्दलही. मी आता माझा आग्रह सोडला होता. ठोकळे परत बसवावेत, सीट होती तिथंच ठेवावी, असं मला वाटू लागलं. हीच या गाडीची खरी ओळख, असं मी काकांना म्हणालो. त्यांना ते फार पटलं. अक्का उपचारासाठी अजून इथंच होत्या; आम्ही दोघं मोठ्या उत्साहानं त्यांच्याकडे गेलो. त्या सुजलेल्या गुडघ्यावर मलम चोळत बसल्या होत्या.

"ठोकळे परत?" त्या म्हणाल्या. "कशाला? माझे पाय काय आता वाढणार आहेत? चालवणार कोण आहे ती?"

"तू चालव ना, अक्का," काका म्हणाले. "इंजिन सुरू झालं की पहिली तूच."

"अय्यो, बिडु. सोड तो विषय." त्यांनी हात झटकला. "मला ती गाडी कधी आवडली नाही रे.  उतारावर ब्रेक दाबायचा तर मी उभी राहायचे पेडलवर. तरी थांबेल की नाही सांगता येत नव्हतं. शेजारी बाबा, त्यांना समोर काय आहे ते दिसत नाही, आणि मला म्हणतात, जा, जा, मोकळा आहे रस्ता."

मी विचारलं, "मग काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "ब्रेक बदला. नवीन, चांगले घाला. ती सीट मागं घ्या, हा लांब आहे. आणि एसी बसतो काय त्यात?"

एवढ्याशा इंजिनाला एसी झेपला नसता. ते समजावून सांगितल्यावर त्या जरा हिरमुसल्या. पण बाकीचं सगळं आम्ही केलं. जी गोष्ट मी मुळीच होऊ देणार नव्हतो, तीच मी स्वतः फोन करकरून जमवली. पुढच्या चाकांना एका नव्या छोट्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. त्यासाठी ब्रॅकेट बनवून घ्यावे लागले, ते पहिल्यांदा उलटे आले. ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर बसवला. डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला. मागच्या सीटलाही पट्टे लावले आणि तिथं एक छोटा पंखा बसवला, एसीची भरपाई म्हणून. वायरिंग नवं ओढलं. त्यात काहीतरी गडबड राहिली आहे. उजवीकडचा इंडिकेटर लावला की आतला दिवा हलकेच लुकलुकतो. कारण सापडलं नाही.

राहिला रंग. अक्का सरगूरला परत जायच्या आधीच शेडकार्ड घेऊन काका त्यांच्यासमोर बसले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसतं कार्ड उघडं ठेवलं.  मग अक्का म्हणाल्या, "तू सांग. मी नुसती मान हलवते." काकांनी घाबरत घाबरत एका चौकोनावर बोट ठेवलं. अक्कांनी मान हलवली. त्यांनी कार्डाकडे पाहिलं होतं का, ते माझ्या लक्षात नाही. गाडी रंगून आली तेव्हा मला ती हिरवी वाटली. काकू ठाम निळी म्हणतात. काका दोघांनाही हो म्हणतात.

ठोकळ्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. ते वर्तमानपत्र एक दिवस तिथं नव्हतं.

पहिली फेरी काढली ती सकाळी, रस्ते मोकळे असताना. कागदपत्रं झाली होती. काकांनी या वयात, गल्लीतल्या मोटार ट्रेनिंगवाल्याकडे जाऊन लायसन्स काढलं होतं. आजवर आयुष्यात स्कूटरच्या वर ते गेले नव्हते. मी पुढे शेजारी बसलो. काकू मागे. अक्का गुडघा दाखवायला परत आल्या होत्या. त्या दाराशी आल्या आणि पुढच्या दाराकडे न बघता सरळ मागे जाऊन बसल्या.

"या गाडीत मागं मी कधी बसलेच नाही," त्या काकूंना म्हणाल्या. "बरं आहे की गं. पाय पसरता येतात."

गाडी सुरू झाली. पहिल्याच वळणावर बंद पडली. पुन्हा सुरू झाली. काका स्टिअरिंग असं धरून बसले होते की कुणी काढून घेईल. विद्यापीठाच्या बाजूनं कुक्करहळ्ळी तळ्याकडे निघालो. तळ्यावर फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. कुणीतरी हात केला. काकांनी उत्तर द्यायला एक हात सोडला आणि गाडी लगेच डावीकडे ओढली गेली, तेव्हा पुन्हा दोन्ही हात ठेवले.

एका ठिकाणी कुत्रं आडवं आलं. काकांनी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, इतकी की आम्ही सगळे पट्ट्यात पुढे झुकलो. मागून अक्कांचा आवाज आला, "हां!" एवढंच. त्यात समाधान होतं की धसका, मला कळलं नाही.

पुढे रस्ता सरळ होता, झाडांच्या सावलीतला. काकांनी हळूहळू तिसरा, मग चौथा गिअर टाकला. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत वाजत होतं. मागचा पंखा फिरत होता. बराच वेळ मागून काही आवाज नाही. काकांनी आरशात बघितलं, मग मीही मान वळवून बघितलं. अक्का सीटवर मागं रेलल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

काकांनी आवाज खाली आणून काकूंना विचारलं, "मलगिद्दाळा?" झोपली का?

काकूंनी जरा वाकून अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं. "झोपलीय असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "की भिऊन मिटलेत डोळे, कुणास ठाऊक."

काकांना काय करावं कळेना. त्यांनी वेग कमी केला. मग जरा वाढवला. मग पुन्हा कमी केला. मागून येणारी सिटी बस हॉर्न वाजवत होती, आणि तिला पुढे जाऊ द्यावं म्हणून ते गाडी कडेला घेत होते, अगदी हळू, आवाज होऊ नये असं.